जिवंत : शून्य

१

दर दुसऱ्या गुरुवारी सकाळी सात वाजता बू माल्सुन पाठीवर पंप चढवायची, गुडघ्यांना दोन शिव्या घालायची आणि मेलेलं गवत बघायला निघायची.

"मेलेलं गवत बघायचा पगार मिळतो हिला," शेजारची कान्ग आजी गावभर सांगायची. "माझ्या मुळ्याच्या शेतात ये म्हणावं, फुकट दाखवते!"

माल्सुन हसून सोडून द्यायची. आजीला काय सांगणार? जेजू बेटावरच्या त्या टेकडीच्या उतारावर, संशोधन केंद्राच्या कुंपणाआड, अर्ध्या एकरात जे गवत वाढत होतं, तसं जगात दुसरीकडे कुठे नव्हतं. दिसायला साधी हिरवळ. बागेत, मैदानावर असते तशी, पण इतकी दाट की वरून हात फिरवला तर गाईच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. तणनाशक मारलं की आठवड्यात हिरवं म्हणून जे जे असेल ते तांबूस होऊन बसतं. हे गवत मात्र ढिम्म. डॉक्टर ह्यॉन यांनी त्याच्या पोटात बाहेरचा एक गुण नेऊन बसवला होता आणि त्यासाठी सतरा वर्षं घालवली होती.

या कामापूर्वीची वीस वर्षं माल्सुन गोल्फच्या मैदानांवर उकिडवी बसून हाताने तण उपटत होती. दहा-बारा बाया, एका रांगेत, भर उन्हात. डॉक्टरांनी तिला तिथूनच उचलली. नजरेतून एकही फसवं पातं निसटू न देणारी बाई त्यांना हवी होती.

"मावशी, हे गवत बाजारात आलं तर तुमच्या मैत्रिणींची कामं जातील," डॉक्टरांची विद्यार्थिनी हेरिन एकदा म्हणाली होती.

"जाऊ देत गं पोरी. गुडघे तरी राहतील."

डॉक्टर त्यावर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

माल्सुनचं काम पहाऱ्याचं. हे गवत कुंपणाबाहेर जाता कामा नये, असा कायदा होता. म्हणून कुंपणापासून आठ दिशांना, तीनशे पावलं लांबीच्या आठ पट्ट्या ती रानातल्या साध्या गवतावर फवारायची. दोन आठवड्यांनी बघायचं. सगळं मेलेलं असलं तर ठीक. एक जरी पातं हिरवं राहिलं, तर आपलं गवत पळालं. मग वहीत 'जिवंत' या रकान्यात आकडा लिहायचा आणि शेजारची नवी पट्टी फवारायची. सहा वर्षं त्या रकान्यात शून्याखेरीज काही पडलं नव्हतं.

"बूबाई, शून्य हाताने लिहायचं नसतं, डोळ्यांनी लिहायचं," डॉक्टर म्हणायचे. "आणि एक पातं जरी बाहेर सापडलं, तरी कुणी विचारायच्या आधी आपण सांगायचं. मग सगळं जाळलं तरी चालेल."

असं म्हणून ते डाव्या हाताने वही दाबून धरायचे. त्या हाताची अनामिका यंत्रात सापडून अर्धी गेली होती. सही करण्याआधी पेनाची मागची बाजू कागदावर दोनदा आपटायची त्यांची सवय होती. टक, टक. मग सही.

असा माणूस माल्सुनने दुसरा पाहिला नाही.

२

मार्चमध्ये डॉक्टर गेले. सकाळी कुंपणाशी उकिडवे बसले ते उठलेच नाहीत.

त्यांच्या घराण्याचं शेत केंद्राच्या पूर्वेला, पट्टी संपते तिथून हाकेच्या अंतरावर. तिथेच त्यांना पुरलं. मातीचा घुमट केला, भोवती काळ्या दगडांचा गडगा रचला आणि बेटाच्या रिवाजाप्रमाणे आत्म्याला जाण्या-येण्यासाठी गडग्यात डाव्या अंगाला एक फट ठेवली. घुमटावर बाजारातून आणलेल्या गवताचे तुकडे थापले. त्यांत निम्मं तण होतं.

माल्सुनला ते पाहवेना. ज्या माणसाने जगाला असं गवत दिलं, त्याच्या छातीवर हे गबाळं?

एप्रिलमधल्या एका दुपारी तिने कुंपणातला तळहाताएवढा तुकडा खुरप्याने काढला, डब्यातल्या भाताखाली लपवला आणि कबरीच्या माथ्यावर लावला. वरून पाणी घातलं. दोनदा वाकून नमस्कार केला. आयुष्यात तिने केलेली ही एकच चोरी, आणि ती करताना तिला देवाला फूल वाहिल्यासारखं वाटत होतं.

घरी येताना मात्र ती मनाशी हिशेब करू लागली. पुढच्या फेब्रुवारीत सरकारी समिती येणार होती. गवताला परवानगी मिळणार की नाही, ते तेव्हा ठरणार होतं. बाहेर एक पातं सापडलं असतं तरी अर्धा एकर जाळून नांगरून टाकला असता आणि सतरा वर्षांची राख झाली असती. ते पातं सापडू नये म्हणून पगार घेणारी बाई तीच होती.

"तळहाताएवढं तर आहे," ती स्वतःला म्हणाली. "आणि कबरीवर कोण फवारायला जातंय?"

३

जूनच्या शेवटच्या गुरुवारी सात पट्ट्या ठरल्याप्रमाणे मेलेल्या होत्या. पूर्वेच्या पट्टीवर ती शेवटपर्यंत गेली आणि थांबली.

तांबूस पट्टीच्या टोकाला चार हिरवे ठिपके होते. एकाआड एक, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक ठिपका वीतभराहून थोडा लांब, पुढे रुंद, मध्ये चिंचोळा, मागे गोल.

नवं काही उगवलेलं नव्हतं. तिथलंच जुनं रानगवत होतं ते, शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखंच. शेजारी मेले होते, हे मेलं नव्हतं.

तिने एक पातं खुडलं, खिशातल्या बाटलीत चुरडलं आणि तपासणीची कागदी पट्टी बुडवली. एक रेघ उमटली तर परकं, दोन उमटल्या तर आपलं. माल्सुन तिथेच मातीत बसली आणि वाट पाहिली. एक रेघ आली. मग, जरा दमाने, दुसरी आली.

बूट, ती मनाशी म्हणाली. कुणाच्या तरी बुटाला बी चिकटलं असणार. पण बी पडून गवत रुजायला महिने लागतात, हे डॉक्टरांनीच तिला शिकवलं होतं. आणि हे गवत तर कित्येक वर्षांचं होतं. बरं, समजा तिच्याच बुटाला चिकटलं. तिने आपला बूट एका ठिपक्यावर ठेवून पाहिला. ठिपका चारही बाजूंनी बोटभर मोठा होता.

तिने चारही ठिपके मुळासकट खणले, पिशवीत भरले, केंद्राच्या भट्टीत टाकले. मग वही उघडली. जिवंत : शून्य. शून्य हाताने काढलं. डोळे दुसरीकडे होते.

४

पुढच्या खेपेला बारा ठिपके होते. त्यापुढच्या खेपेला एकतीस.

माल्सुन दर वेळी खणायची, जाळायची आणि शून्य लिहायची. ठिपके पट्टीवर कबरीच्या गडग्यातल्या फटीच्या बाजूने येत आणि केंद्राच्या दिशेने जात. रुंद बाजू, म्हणजे बोटांची बाजू, केंद्राकडे. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

भीती वाटायची, नाही असं नाही. पण त्या भीतीच्या खाली दुसरंही काही होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिचा ऊर भरून यायचा. म्हणजे मेल्यावरही माणसाला चैन नाही! गवत कसं आहे, पाणी मिळतं का, कीड पडली का, बघायला निघालाय. तिचा नवरा जिवंतपणी शेजारच्या खोलीतून तिचं दुखलंखुपलं बघायला कधी उठला नव्हता.

ऑगस्टमध्ये एके ठिकाणी पावलं जोडीने होती. दोन्ही टाचा जवळ, आणि डाव्या अंगाला पुढे एक वेगळा ठिपका. कुणीतरी उकिडवं बसून हात टेकावा तसा. चार बोटं आणि अंगठा. अनामिकेच्या जागी हिरवं अर्ध्यावरच संपलं होतं.

तिने खुरपं काढलं, पण बराच वेळ ते हातातच राहिलं.

त्याच दिवशी दुपारी जेवताना हेरिन म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी पूर्वेची पट्टी मी चालून येऊ का? तुमचे गुडघे…"

"गुडघ्यांना काय धाड भरली आहे? तू तुझे कागद सांभाळ."

"रागावू नका हो. आणि खरं सांगू? समितीने विचारलंच तर मी एवढंच सांगणार आहे. डॉक्टर म्हणायचे, यंत्र चुकेल, मी चुकेन, पण बूबाईंचं शून्य म्हणजे शून्य." हेरिनने स्वतःच्या डब्यातला तळलेल्या माशाचा मोठा तुकडा तिच्या भातावर ठेवला. "खा."

माल्सुनने तो मासा भाताखाली सारला आणि डब्याचं झाकण लावलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही.

सप्टेंबरात कबरींवरचं गवत कापायचा सण आला. डॉक्टरांचे पुतणे मोठ्या उत्साहात यंत्र घेऊन आले, घुमट भादरून गेले. "बघा, काकांच्या डोक्यावर काय झकास गवत आलंय!" एक जण म्हणाला. माल्सुन लांब उभी होती. तो तुकडा तिथल्या तिथे उपटावा असं तिला वाटलं, पण लावताना तो नुसता वर थापला होता, काढायला खणावं लागलं असतं, आणि वर्षाच्या मधेच कबरीला खुरपं लावलं तर घरावर संकट येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिवाय पुतण्यांना सांगणार काय?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पूर्वेच्या पट्टीवर पावलं मध्यापर्यंत आलेली दिसली, आणि मग नाहीशी झाली. ती पट्टीवर पुढे-मागे चालली. पट्टीला जिथे गावाकडची पायवाट छेदते, तिथे शेवटच्या पावलाची बोटं केंद्राकडे नव्हती. ती वळली होती.

तिला कुणी सांगितलं नव्हतं, वहीत तसा रकाना नव्हता, पण त्या गुरुवारी तिने पायवाटेची कडही फवारली. खाली, गावापर्यंत. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी तिने जाऊन पाहिलं. पावलं वाटेच्या कडेने सरळ उतरत गेली होती. केंद्राच्या गवताशी त्यांना काही कर्तव्य दिसत नव्हतं. शेवटचं पाऊल कान्ग आजीच्या मुळ्याच्या शेताच्या कोपऱ्यावर होतं. तिथून माल्सुनचं घर चाळीस पावलं.

त्या दिवशी तिने वर्षातलं नववं खोटं शून्य लिहिलं.

५

मग थंडी पडली आणि सगळं रान वाळून पिवळं झालं. मेलेलं कोण, झोपलेलं कोण, काही कळेना. पावलं होती की नव्हती, देव जाणे.

जानेवारीच्या अखेरीस बेटावरचे देव आठवडाभर वर जातात. जुने हिशेब द्यायला जातात, नवे नेमून यायचे असतात. तेवढ्या दिवसांत घर बदलावं, चूल मोडावी, कबरीची डागडुजी करावी. काही बाधत नाही, कारण बघायला कुणी नसतं. माल्सुन या आठवड्याची वाट पोरीच्या लग्नाची बघावी तशी बघत होती. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी समिती येणार होती. त्याआधी तो तुकडा काढला की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवारी सकाळी ती खुरपं घेऊन निघाली. तिच्या दारात अजून जुन्या पद्धतीचं फाटक होतं, भोकं पाडलेले दोन दगडी खांब आणि त्यांत अडकवायचे तीन वासे. तिन्ही वासे वर असले की मालक लांब गेलाय, एक असला की जवळपासच आहे, आणि तिन्ही खाली असले की मालक घरात. गावात हे आता कुणी पाळत नसे. तिने तिन्ही वासे वर अडकवले.

"सगळ्या गावाला कुलपं आली आणि हिच्या दाराला तीन दांडकी!" कान्ग आजी मुळे उपटता उपटता ओरडली. "भूत आलं तर ते काय वासे मोजत बसणार आहे का गं?"

"भुतं पण रजेवर आहेत, आजी! देवांबरोबर गेली."

"मग तू कुठे निघालीस सकाळी सकाळी?"

"कबर साफ करायला."

"कुणाची? तुझ्या नवऱ्याची तर समुद्राकडे आहे."

माल्सुनने ऐकलं न ऐकलंसं केलं.

गडग्याच्या आत वारा नव्हता. ती घुमटापाशी गेली, दोनदा वाकली आणि माथ्याकडे पाहिलं. तुकडा तिथे नव्हता.

त्या जागी तळहाताएवढा खड्डा होता. कडा तिरक्या, आतून बाहेर कापलेल्या, म्हणजे मुळं तुटत नाहीत. असा तुकडा काढणारी दोन माणसं तिला ठाऊक होती. एक ती स्वतः. दुसऱ्याने तिला ते शिकवलं होतं. खड्ड्यातली माती अजून ओली होती, आणि आठ दिवसांत पाऊस नव्हता.

हेरिन, ती मनाशी म्हणाली. पोरीला कळलं असणार, तिनेच येऊन काढला. असंच असणार. देव करो आणि असंच असो. तिने खिशातून फोन काढला आणि मग परत ठेवला. हेरिनला असं कापता येत नव्हतं.

ती फटीतून बाहेर पडली आणि घराकडे निघाली. धावता येत नव्हतं म्हणून चालली.

६

तिन्ही वासे खाली होते.

सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन. मुळ्याच्या शेतात आजीचा रेडिओ चालू होता. माल्सुन फाटकाशी उभी राहिली आणि अंगणापलीकडे आपल्याच घराकडे परक्यासारखी बघत राहिली. लाकडी सरकतं दार वीतभर उघडं होतं.

"आजी," तिने हाक मारली, "कुणी आलं होतं का गं?"

"मी काय तुझी दारवान आहे? वासे खाली दिसले, मला वाटलं तूच परतलीस."

दाराबाहेरच्या पायरीवर, जिथे लोक बूट काढतात, तिथे ओल्या फडक्यात गुंडाळलेला तळहाताएवढा गवताचा तुकडा होता. फडक्याची टोकं आत दुमडलेली, मुळांना वारा लागू नये अशी. सगळं बेट पिवळं असताना ते गवत हिरवंगार होतं. इतकं देखणं की त्या क्षणीही तिच्या मनात आलं, काय गवत केलंय या माणसाने!

तुकड्याशेजारी वही होती. समितीसाठी स्वच्छ उतरवून काढायला तिनेच ती केंद्रातून घरी आणली होती आणि आतल्या बैठ्या मेजावर मिटून ठेवली होती. आता ती पायरीवर होती, जूनचं पान उघडं. पानावर, 'जिवंत' या रकान्याच्या डावीकडे, कुणीतरी ओल्या हाताने वही दाबून धरली होती. चार बोटं आणि अंगठा. एक बोट अर्धं.

तेव्हा कुठे माल्सुनला कळलं. तो माणूस गवत बघायला निघालाच नव्हता. गवताची त्याला काळजी नव्हती. काळजी शून्याची होती. सबंध उन्हाळाभर तो तिच्याकडे चालत येत होता, आणि ती त्याची पावलं खणून भट्टीत टाकत होती.

ती पायरीवर बसली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतची नऊ शून्यं तिने एकेक करून खोडली आणि शेजारी खरे आकडे लिहिले. ते तिला तोंडपाठ होते. चार. बारा. एकतीस. शेवटच्या पानावर तिने लिहिलं, तुकडा मी बाहेर नेला, एप्रिलमध्ये, माझ्या हाताने, आणि खाली नाव घातलं. मग हेरिनला फोन लावला.

"पोरी, समितीला आजच सांग. सोमवारपर्यंत थांबू नकोस. गवत बाहेर गेलंय. मी नेलंय."

पलीकडून हेरिनचा लहान झालेला आवाज आला. "मावशी… ते सगळं जाळतील."

"हो."

"डॉक्टरांची सतरा वर्षं…"

"तेच म्हणताहेत, जाळा," माल्सुन म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने फोन बंद केला.

ती रडली. त्या अर्ध्या एकरासाठी रडली, उन्हात रांगेत बसलेल्या बायांच्या गुडघ्यांसाठी रडली. मग तोंड पुसून तिने वही उचलली. दाराच्या वीतभर फटीतून, आत न बघता, हात जाईल तितकी ती लाकडी जमिनीवर आत सरकवली. पेन वर ठेवलं. हात मागे घेतला.

आत काही हललं नाही. आजीच्या रेडिओवर कुणीतरी उद्याचं हवामान सांगत होतं. माल्सुन मान खाली घालून बसून राहिली, पूर्वी सहीसाठी त्यांच्या खोलीबाहेर बसायची तशी.

आतून आवाज आला. टक, टक.

तिने तिन्ही वासे तसेच खाली राहू दिले.